सुमनवैनीचं दळण

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. घर आणि आमची पिठाची गिरण यांच्यामध्ये एकच भिंत होती. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की ती भिंत थरथरायची आणि फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून दिवसभर किणकिणत राहायची. गडहिंग्लजच्या आमच्या गल्लीत निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा. अव्वा लाडात असली की मराठी बोलायची, रागावली की कानडीत शिरायची. त्यामुळं भिंतीपलीकडून शब्द कळले नाहीत तरी जेवायला आत्ता जावं की थोडं थांबून, ते अप्पांना नुसत्या आवाजावरून ठरवता यायचं. घरभर पिठाचा वास असायचा. भुवयांवर पीठ, देव्हाऱ्यातल्या लिंगावर पीठ, घडी केलेल्या लुगड्यांवर पीठ. उन्हाळ्यात बाजूचं मिरचीचं यंत्र सुरू झालं की अख्खी गल्ली शिंकायची आणि तरीही बायका नाकाला पदर लावून तिथंच उभ्या राहायच्या, कारण गप्पा सोडून जाणं त्यांना जमायचं नाही. दुपारी ज्वारीची गरम भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. आज इतकी वर्षं कोल्हापुरात राहून, सगळं हाताशी असूनही ती भाजी मला तशी जमत नाही.

गिरणीतली एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दळण संपलं तरी दोन मुठी पीठ जात्याच्या दगडांमध्ये राहतं आणि ते पुढच्या माणसाच्या दळणात उतरतं. गव्हामागं ज्वारी टाकली तर पहिलं पीठ मिसळूनच येतं. त्यावरून रोज थोडी कुरकुर व्हायची. अप्पा हसून म्हणायचे, "दोन मुठीनं काय हुतंय, वैनी? शेजारणीचं थोडं पोटात गेलं तर प्रेम वाढतंय की." बायका हसायच्या. अप्पा तसे होते. कुणाला उलटून बोलले नाहीत, कुणाचा डबा परत पाठवला नाही. अडल्यानडल्याचं दळण जेवण सोडून करून द्यायचे.

त्या वर्षी मी बारावीला इंग्रजीत नापास झाले होते. मैत्रिणी कोल्हापूरला कॉलेजात गेल्या आणि मी ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट बघत गिरणीत बसायला लागले. अप्पा जेवून जरा पडायचे, तेवढा वेळ गिरण माझ्या हातात. डबा घ्यायचा, वरच्या पेटीत धान्य ओतायचं, खाली पिशवी लावायची, पीठ बोटात चोळून बघायचं. रांगेतल्या बायका माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलायच्या. "नापास झाली न्हवं ही? आता बगा की एखादं स्थळ." मी ऐकू न आल्यासारखं करायचे. गिरणीच्या आवाजाचा तेवढा फायदा होता.

सुमनवैनी आमच्या घरापासून चौथ्या घरात भाड्यानं राहायची. तिचा नवरा मारुती ट्रकवर होता, गूळ घेऊन लांब लांब जायचा. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी होती, राणी. वैनी वयानं माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी असेल. मी नापास झाले त्या दिवशी घरी येऊन माझ्याशी सरळ बोललेली ती एकटीच. "परत बस की. इंग्रजी काय माणूस खातंय?" एवढंच म्हणाली आणि माझ्या केसांना तेल लावून दिलं. मारुती आजारी पडला तेव्हा गल्लीनं तिच्यासाठी काय केलं नाही? अव्वा रोज पेजेचा डबा पाठवायची. समोरच्या घरातली शकूमावशी, गल्लीतली सगळ्यात वडीलधारी बाई, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायची. तो वाळत वाळत गेला, तोंडात फोड आले, आणि एका सकाळी संपला. पुरुष खांद्याला गेले, बायकांनी वैनीला धरून ठेवलं, राणीला आमच्या घरी झोपवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढं जे झालं ते याच माणसांनी केलं. दुसरी माणसं कुठून आली नव्हती.

मारुती जाऊन महिना झाला असेल. एका दुपारी शकूमावशी गिरणीत आली, तिच्या हातात डबा नव्हता. ती आत येऊन माझ्या कानाशी वाकली आणि मग रांगेतल्या बायकांकडं वळून तेच मोठ्यानं म्हणाली, कारण गिरण चालू होती आणि हळू बोलून कुणाला ऐकू गेलं नसतं. "मारुतीला तो रोग हुता. दवाखान्यातल्या माणसानंच सांगटलंय." रोगाचं नाव तिनं घेतलं नाही. आमच्या गल्लीत ते कुणीच कधी घेतलं नाही. बायका गप्प झाल्या आणि मला पहिल्यांदा गिरणीचा आवाज मोठा वाटला. मग एकजण म्हणाली, "मग सुमनला?" दुसरीनं हळूच आपला डबा उचलून पदरानं पुसला.

एसटी स्टँडच्या भिंतीवर पाटी रंगवलेली होती की हात लावल्यानं, एकत्र जेवल्यानं हा रोग होत नाही. ती मी वाचली होती. नापास झाले असले तरी मराठी वाचता येत होतं. लोकांना माहीत नव्हतं म्हणून घाबरले, असं आता कुणी म्हणतं तेव्हा मला ती पाटी आठवते.

सुरुवात अगदी साधी झाली. एक बाई अप्पांना म्हणाली, "सुमनच्या मागं माझं दळण नको बगा. मला काय न्हाय, पर घरात ल्हान पोरं हायत." प्रत्येकीचं तसंच असायचं. मला काही नाही, पण सासू ऐकत नाही. मला काही नाही, पण नवरा म्हणतो. अप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गिरिजा, सुमनचं दळण शेवटी घे. म्हंजे कुणाची तक्रार न्हाय." मला ते शहाणपणाचं वाटलं. कुणाला नाही म्हणायचं नव्हतं, नुसतं थांबवायचं होतं. वैनी डबा ठेवून बाजूच्या कट्ट्यावर बसायची. तिच्यानंतर आलेल्या बायका पुढं जायच्या आणि ती त्यांच्याकडं बघायची नाही. पण शेवटचं दळण तिचं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं कुणाचं हा प्रश्न आला. पहिला डबा द्यायला कुणी तयार होईना. मग अव्वा रोज सकाळी आधी म्हशीसाठी भरड काढायला लागली, जातं साफ व्हावं म्हणून. आठवड्यानं कुणीतरी म्हणालं, ह्यांच्या म्हशीचं दूध घ्यावं की नाही. अव्वा त्या दिवशी कानडीत बराच वेळ बोलत होती, एकटीच, भाकरी थापत.

हळूहळू रांग आखूड झाली. बाजाराकडच्या गिरणीत लोक जायला लागले. अप्पा एकदाच जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "काय तरी कराय पायजे." एवढंच. काय, ते सांगितलं नाही. अव्वानं विचारलं नाही. मी मात्र त्या चार शब्दांचा अर्थ लावत राहिले, आणि जो अर्थ लावला तो माझा होता.

तो मंगळवार होता. अप्पा घरात पडले होते. रांगेत पाच-सहा बायका होत्या, त्यांत शकूमावशीही होती. सुमनवैनी नेहमीपेक्षा लवकर आली, जवळजवळ पळतच. डोक्यावर ज्वारीचा डबा होता. तिनं तो खाली ठेवला, रांगेच्या मागं नाही, थेट माझ्यासमोर. "गिरिजा, आज माझं आदी घेतीस काय गं? राणीला ताप हाय. घरात एकटीच हाय ती. थोडंच हाय दळण."

सगळ्याजणी माझ्याकडं बघत होत्या. नापास झाल्यापासून इतक्या बायकांनी माझ्याकडं एकदम कधी बघितलं नव्हतं. आधी नजर वर-वरून जायची, आता ती माझ्यावर थांबली होती आणि मी काय करते याची सगळ्या वाट बघत होत्या. मला वाटत होती ती नुसती भीती नव्हती, हे कबूल करायला हवं. मी डबा उचलला. वैनीला वाटलं मी तो पेटीत ओतणार. तिचा चेहरा निवळलाही. मी दाराशी गेले आणि डबा बाहेर टाकला.

डबा हातातून निसटला असं मी पुढं किती वर्षं स्वतःला सांगत होते. तो निसटला नव्हता. दोन्ही हातांनी धरून मी तो फेकला होता. झाकण उडालं आणि ज्वारी रस्त्यावर पसरली, गटाराच्या कडेपर्यंत गेली. "तुमचं दळण हितं घेणार न्हाय," मी म्हटलं. आवाज माझा होता, पण मला तो ओळखू आला नाही.

वैनी बाहेर जाऊन रस्त्यात बसली. पदराच्या ओच्यात ज्वारी भरायला लागली, मातीसकट, ओंजळीनं. एक सायकलवाला थांबला, बघितलं आणि वळसा घालून गेला. वैनी रडली नाही, शिवी दिली नाही. मध्येच तिनं एकदा मान वर करून गिरणीच्या दाराकडं बघितलं, मग परत वेचायला लागली. जेवढी जमली तेवढी घेऊन गेली. उरलेली चिमण्यांनी खाल्ली.

शकूमावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं झालं बाई. कुणी तरी बोलाय पायजे हुतं. लई शाणी पोरगी हाईस." बाकीच्याही मग बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. कुणी मला विचारलं ऑक्टोबरचा अभ्यास कसा चाललाय. एकीनं तिच्या घरची चिक्की दिली. रात्री मला दोन भाकरी जास्त गेल्या. वाचणाऱ्याला वाटेल की मी त्या दिवशी तळमळले असेन. मी आनंदात होते. बऱ्याच महिन्यांनी मला कुणीतरी आपल्यात घेतलं होतं.

तळमळ दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि तीही विचित्र वाटेनं. मला वैनीचाच राग यायला लागला. ती समोरून जाताना दिसली की वाटायचं, कशाला आली लवकर? रांग मोडून पुढं कशाला आली? ती वाईट असायलाच हवी होती. नाहीतर मी जे केलं होतं ते काय होतं? म्हणून तिसऱ्या दिवशी एका बाईनं सहज विचारलं, "एवढं काय झालतं गं त्या दिशी?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "ती गिरणीत थुकली. मुद्दाम. धान्याच्या पेटीजवळ." मी ते आधी ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर मात्र ते मला खरंच वाटायला लागलं. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी हे ऐकलं, त्यांनी तर सगळं डोळ्यांनी बघितलेलं होतं. एकीनंही म्हटलं नाही की असं झालं नव्हतं. शकूमावशी म्हणाली, "व्हय, मी बी बगिटलं."

रात्री अप्पांनी मला विचारलं, "खरंच थुकली काय गं सुमन?"

"व्हय, अप्पा."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. कित्येक दिवसांत त्यांना तसं सैल झालेलं मी बघितलं नव्हतं. "मग काय बोलायचं," ते म्हणाले आणि ताक मागितलं. त्यांना ते खरं असायला हवं होतं, माझ्याइतकंच. पुढं कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्या घरात कुणीच कुणाला काही करायला सांगितलं नव्हतं. अप्पांनी मला नाही, शकूमावशीनं अप्पांना नाही. प्रत्येकजण दुसऱ्याला काय हवं आहे याचा अंदाज बांधत एकेक पाऊल पुढं टाकत होता.

मी रचलेली थुंकी गल्लीत फिरली. चार दिवसांत ती नळाच्या हौदात पडलेली होती, आठवड्यात बालवाडीतल्या पाण्याच्या पिंपात. नळावर वैनीची घागर कुणीतरी दगडानं ठेचली. राणीला बालवाडीतून परत पाठवलं. मी ऐकत होते. हे खोटं आहे असं एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. पण प्रत्येक दिवस गेला तसं ते वाक्य जड होत गेलं, कारण आता खोटं बोलणारी मी एकटी नव्हते, सगळी गल्ली माझ्यामागं उभी होती. मग चार पुरुष वैनीच्या घरमालकाला भेटून आले. त्यांत अप्पा होते.

वैनी गेली त्या सकाळी कुणी आरडाओरडा केला नाही. टेम्पो आला तशी माणसं बाहेर आली आणि सामान चढवायला हात लावला. अप्पांनी आणि शेजारच्या एकानं मिळून कॉट उचलली. "दमानं, पाय लागंल," अप्पा म्हणत होते. शकूमावशीनं टेम्पोवाल्याला चहा दिला. अव्वानं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि राणीसाठी गुळाचा खडा फडक्यात बांधून दिला. "वाटंत पोरीला भूक लागंल गं सुमन," ती म्हणाली आणि तिचे डोळे खरंच भरून आले होते. वैनीनं फडकं घेतलं. ते दृश्य लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, लोक एका आवडत्या बाईला निरोप देतायत. त्या सकाळी एक माणूस जरी तिला शिवी देऊन ओरडला असता तरी मला कमी भीती वाटली असती.

राणीला पुढं बसवून वैनी माझ्याकडं आली. मी दारात उभी होते. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, तशीच ती बोलली, अगदी शांतपणे. "गिरिजा, मी थुकलो काय गं?"

सगळे ऐकत होते. गिरण बंद होती, त्यामुळं तिचा शब्द न् शब्द गल्लीभर ऐकू गेला. अप्पा कॉटचा पाय हातात धरून माझ्याकडं बघत उभे होते.

"व्हय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि टेम्पोत जाऊन बसली.

गिरण पुन्हा पहिल्यासारखी चालली. ऑक्टोबरात मी पास झाले. पुढं एका मास्तरांशी माझं लग्न झालं. सुमनवैनीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. अप्पा जाण्याच्या आदल्या वर्षी एकदा गिरणीच्या कट्ट्यावर बसून म्हणाले, "चुकलंच काय तरी तवा." मी विचारलं, "कधी, अप्पा?" ते म्हणाले, "असू दे." मीही असू दिलं.

वैनी गेल्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याची बदली पेठ वडगावजवळच्या एका शाळेत झाली होती. एका शनिवारी मी त्यांचा डबा घेऊन शाळेत गेले. पटांगणाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये पोरांसाठी खिचडी शिजत होती आणि मोठ्या पातेल्यात उलथणं फिरवत सुमनवैनी उभी होती. केस पिकायला लागलेले, पण अंगानं भरलेली, तब्येत चांगली. तिनं वर बघितलं आणि तिच्या हातातलं उलथणं थांबलं. मी तिला जेवढ्या पटकन ओळखलं त्याहून पटकन तिनं मला ओळखलं होतं.

मी जवळ गेले. "वैनी, बऱ्या हायसा न्हवं?"

"गोळ्या चालू हायत, सरकारी. ठणठणीत हाय मी," ती खालच्या आवाजात म्हणाली आणि लगेच शेडबाहेर नजर टाकली. "राणी हितंच दहावीला हाय. पयला नंबर हाय तिचा. हितं कुणाला काय म्हाईत न्हाय."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. मग एवढी वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं निघालं. "वैनी, मी खोटं बोलले होते तेव्हा."

"म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. "मी तितंच हुतो न्हवं."

घंटा झाली. पोरं ताटल्या वाजवत धावत आली. वैनीनं पळी घेतली, पहिल्या पोराला वाढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू तवाबी चांगलीच पोरगी हुतीस, गिरिजा. तुजं अप्पा बी चांगलंच हुतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. घरी येईपर्यंत मी त्या वाक्याला माफी समजून चालले होते. रात्री जेवताना ते मला नीट ऐकू आलं: चांगली असूनच आम्ही तेव्हा ते सगळं केलं होतं.

पुढच्या गुरुवारी नवरा शाळेतून आले ते वैतागूनच. "खिचडीच्या त्या बाई काम सोडून गेल्या. का ते कुणाला सांगणं नाही, सवरणं नाही. मुलीचा दाखलासुद्धा नेला. परीक्षेला दोन महिने राहिलेत, पोरगी बोर्डात आली असती. असं कोण करतं?" मग त्यांनी विचारलं, "शनिवारी तू बोलत होतीस ना त्यांच्याशी? काही म्हणाल्या?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांना मी यातलं काही कधी सांगितलं नाही. मी लिहिलेलं हे ते वाचतील तेव्हाच त्यांना कळेल. त्या पाच दिवसांत मी सुमनवैनीबद्दल कुणाजवळही एक अक्षर काढलं नव्हतं, आणि काढणारही नव्हते. पण मी काढते की नाही हे बघायला ती थांबली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते.